सुतारकामाचा बिझनेस प्लॅन: सुरुवात एका देव्हाऱ्यापासून

लघुउद्योजकांशी बोलताना एक काळजी वरचेवर ऐकू येते. "हातात काम आहे, गिऱ्हाईक आहे, पण बँक प्रकल्प अहवाल, म्हणजे धंद्याचा प्लॅन, मागते. तो आम्ही कसा लिहायचा? पैसे देऊन करून घेतला तर चालेल का?"

कोकणात संगमेश्वर तालुक्यातले एक सुतार हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घराच्या पडवीत वर्कशॉप, हाताखाली एक कारागीर. मशिनरीसाठी आठ लाखांचं कर्ज हवं होतं. अहवाल त्यांनी आधीच बाहेरून करून घेतला होता, छान टाईप केलेला, वर्षागणिक वाढत जाणाऱ्या नफ्याचा. बँकेत साहेबांनी एवढंच विचारलं, "पावसाळ्यात काम किती असतं?" त्यावर यांना काही बोलता येईना. "मॅडम, धंदा माझा, पण कागदावरचा एक आकडा माझा नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, अहवाल राहू दे. ऑर्डरची वही आणा."

वहीत एक सागवानी देव्हारा होता, १६,००० रुपयांना दिलेला. त्यात किती सुटले? "साडेपाच हजार," ते लगेच म्हणाले. मग आम्ही तो देव्हारा कागदावर पुन्हा बनवला. त्यांनी लाकूड धरलं होतं दीड घनफूट, म्हणजे देव्हाऱ्यात दिसतं तेवढं. वखारीतून आणलं होतं दोन घनफूट, ३,५०० च्या भावाने. तासण्यात, कापण्यात, गाठी काढण्यात गेलेलं अर्धा घनफूट हिशेबात कुठेच नव्हतं. लाकूड ७,०००, बिजागऱ्या-कड्या-फेविकॉल ९००, पॉलिश १,३००, कारागिराचे पाच दिवस ३,०००, टेम्पो ६००, लाईट बिल आणि पात्यांची धार ५००. झाले १३,३००. उरले २,७००, आणि त्यांचे स्वतःचे दिवस लागले होते सहा. दिवसाला ४५० रुपये. कारागिराला ते ६०० देत होते.

ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. माझ्या मते सुतारकामाचा प्लॅन इथूनच लिहायला घ्यावा, एका वस्तूच्या खऱ्या खर्चापासून, आणि त्यात मालकाची मजुरी धरलीच पाहिजे. त्यांची मजुरी ९०० धरली तर देव्हारा १८,७०० ला पडत होता. म्हणजे १६,००० च्या भावाने मशीन आणून दुप्पट देव्हारे केले असते, तर तोटाच दुप्पट झाला असता.

मग वहीवरूनच वर्ष मांडलं. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, दारं-खिडक्यांच्या ऑर्डरी तेव्हाच्या. गणपतीच्या आधी चौरंग, पाट, मखर. जून-जुलै जवळजवळ रिकामे. दमट हवेत लाकूड फुगतं, पॉलिश पांढरट पडतं, माल देता येत नाही. हप्ता मात्र त्या दोन महिन्यांतही भरायचा असतो. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं आणि ते यांना तोंडपाठ होतं.

वहीत आणखी एक गोष्ट सापडली. लाकूड रोखीने यायचं, गिऱ्हाईक थोडा आगाऊ देऊन जायचं आणि उरलेले पैसे थेट गणपतीला आल्यावर. दोन-तीन दारांच्या ऑर्डरींत लाखभर रुपये अडकून पडायचे. गरज मशीनपेक्षा खेळत्या भांडवलाची होती.

पीएमईजीपीच्या, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या, अनुदानाचं आकर्षण त्यांनाही होतं. पण ती योजना मुळात नव्या उद्योगासाठी आहे, चालू धंद्याला त्यात पहिलं कर्ज मिळत नाही. शिवाय अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहते, हातात येत नाही. पारंपरिक कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत मात्र सुतारकाम आहे. प्रशिक्षणानंतर पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यांसाठी, तारणाशिवाय. हत्यारांसाठी १५,००० रुपये वेगळे. एक लाखाचा हप्ता ५,८०० च्या आत बसतो. रिकाम्या दोन महिन्यांचे हप्ते मे महिन्याच्या कमाईतून बाजूला काढायचे, हेही प्लॅनमध्ये लिहिलं.

तयार झाला तो चार पानी प्लॅन: तीन वस्तूंचा खर्च, बारा महिन्यांची आवक-जावक, निम्मे पैसे आगाऊ घेण्याचा नियम आणि आधीच्या दोन वर्षांच्या ऑर्डरी. टाईप मात्र बाहेरूनच करून घेतला आणि त्याला माझी काहीच हरकत नव्हती. आकडे आणि त्यामागची कारणं आपली असली, की टायपिंग कुणीही करावं.

देव्हाऱ्याचा भाव त्यांनी २०,५०० केला. भाव ऐकून काही गिऱ्हाईकं परत गेली, याचं त्यांना वाईट वाटलं. थांबली त्यांनी निम्मे पैसे आधी दिले. विश्वकर्मा योजनेतलं एक लाखाचं कर्ज मंजूर झालं. रंधा मशीनचा विचार त्याच योजनेतल्या दुसऱ्या टप्प्याच्या दोन लाखांवर ठेवला आहे, पहिलं कर्ज फिटल्यावर. तोपर्यंत एप्रिलमध्ये घेतलेलं लाकूड वाळवून ठेवायला त्यांनी पडवीच्या मागे पत्र्याची शेड उभी केली आहे.