गवत मोजून पोट भरतं का?

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. हिमालयात उंचावरच्या कुरणांवर हवामान बदलाचा काय परिणाम होतो, यावर संशोधन करायचं म्हणते. आम्ही मंगळवेढ्याकडचे कोरडवाहू शेतकरी. घरचे म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. गवत मोजून पोट भरतं का? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. पोट भरतं, पण उशिरा. किती उशिरा, ते पुढे सांगतो. आधी तुमची लेक काय म्हणतेय ते बघू, कारण ते तुम्हाला शेतकरी म्हणून चटकन कळेल.

तुम्ही ज्वारीत करडईचे पाटे टाकत असाल. परतीच्या पावसानं दगा दिला की ज्वारी बसते, पण करडईचं मूळ खोल जातं आणि चार पोती का होईना, हाताला लागतात. दोन्ही पिकं एकदम बुडत नाहीत, म्हणून घर चालतं. उंचावरच्या कुरणाचंही तसंच आहे. उत्तराखंडात त्याला बुग्याल म्हणतात. झाडांची हद्द जिथं संपते तिथून वर, साधारण ३,३०० मीटरच्या पुढे ही कुरणं लागतात. वर्षातले कितीतरी महिने बर्फाखाली, आणि उरलेल्या थोड्या दिवसांत उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं उरकायचं. तिथं हातभर जागेत अनेक जातींच्या वनस्पती दाटीनं राहतात. एका साली एक मागे पडली तर दुसरी भर काढते आणि एकूण चारा फारसा हलत नाही. शास्त्रज्ञ ज्याला कुरणाचं स्थैर्य म्हणतात, ते हे.

ऊब वाढली की यात काय बिघडतं? तिबेटच्या पठारावर हायबेई इथं संशोधन केंद्र आहे. तिथं कुरणाचे तुकडे मुद्दाम उबदार ठेवून पाहिलं. २०१७ साली निष्कर्ष आले : स्थैर्य घटलं. जाती कमी झाल्या हे त्याचं मुख्य कारण नव्हतं. एकीची तूट दुसरीनं भरून काढण्याची जी रीत होती, ती ढिली पडली. म्हणजे ज्वारी आणि करडई एकाच साली बसू लागावीत तसं. पुढच्याच वर्षी त्याच केंद्राच्या ३२ वर्षांच्या नोंदींतून वेगळी बाजू दिसली. लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पती हटत गेल्या, खोल मुळांची गवतं वाढली आणि एकूण उत्पादन टिकून राहिलं. मला दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. वरून कुरण तेवढंच हिरवं दिसतं, आतल्या वनस्पती बदललेल्या असतात. आपल्या हिमालयात कुठल्या उतारावर काय होतंय, हे सांगायला वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन नोंदी ठेवणारी माणसं लागतात. मेंढपाळांचा उन्हाळा त्या चाऱ्यावर निघतो. तुमची लेक मागतेय ते काम हे आहे.

आता वाट. वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावी लागेल. ती सोलापुरात, अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाकडे चौकशी करून केली तरी काही बिघडत नाही. त्यानंतर सीएसआयआर-यूजीसी नेट ही देशपातळीवरची परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, म्हणजे पीएच.डी.चा बोजा तुमच्यावर येत नाही. अल्मोड्याजवळची गोविंद वल्लभ पंत हिमालयीन पर्यावरण संस्था, देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं परिस्थितिकी केंद्र ही तिची ठिकाणं. संख्याशास्त्र मात्र तिनं आजपासून हातात घ्यावं. झाडं ओळखणारी मुलं बरीच भेटतात, पण तीस वर्षांच्या आकड्यांतून अर्थ काढणारी थोडी.

लपवून ठेवत नाही : एम.एस्सी.नंतर पाच-सहा वर्षं पीएच.डी.त जातात. पुढेही काही काळ प्रकल्पावरच्या नोकऱ्या असतात आणि प्रकल्प संपला की पगार संपतो. लग्नाचा विषय घरात याच वर्षांत निघणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा तिच्या पाठीशी राहायचं की नाही, हे तुम्ही आत्ताच ठरवा. बी.एड. वाईट नाही, पण ते नंतरही करता येतं. माझं मत विचाराल तर एम.एस्सी.ची दोन वर्षं आणि नेटचे दोन-तीन प्रयत्न, एवढी मुदत तिला मनापासून द्या.

आणि हिमालयाची वाट बघत थांबू नका. माळढोक अभयारण्यामुळे सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ सगळ्यांना माहीत आहे, पण अभयारण्यात काम करायला वनखात्याची परवानगी लागते. तुमच्या गावचं गायरान पुरे. मृगाच्या आधी तिथं एक मीटर लांब-रुंद चौकट आखा, चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोका. दर पंधरा दिवसांनी तिनं त्याच चौकटीशी बसून कोणतं गवत किती जागा व्यापतं ते लिहायचं, दिवाळीपर्यंत. उभ्यानं पाहिलं तर नुसतं हिरवं दिसतं. गुडघे टेकून पवन्याचा ठोंब बोटांनी बाजूला सारला की खाली मारवेलाची पेरं, भुईला चिकटलेले शेंगवर्गी वेल सापडतात. कुसळी पिकली की कपडे कुसळांनी भरतात, जाड पँट घालायला सांगा. पावसानं पंधरवडाभर ओढ दिली तर कोण वाळलं आणि कोण तग धरून राहिलं, हे वहीत आपोआप उतरेल. हिमालयातही चौकट आखूनच मोजतात.

पहिल्या दिवशी तिच्याबरोबर तुम्हीही जा. पुस्तकात लॅटिन नावं असतात; बैल कुठलं गवत आधी खातो आणि कुठल्याला तोंड लावत नाही, हे तिला तुमच्याकडूनच कळेल. तेही त्या वहीत लिहून घ्या. दिवाळीनंतर वही घेऊन दोघं भेटायला या, मग एम.एस्सी.चा अर्ज कुठं करायचा ते बसून ठरवू.