गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूची बाग आहे, तिथे लाईट नाही, वायफाय नाही, रात्री कोण येतं ते बघायला कुठला कॅमेरा घेऊ?

आधी बागेत उभं राहून मोबाईलला रेंज येते का ते बघा, कुठल्या सिमला येते तेही, कारण सत्तरीत डोंगराच्या एका बाजूला फोरजी फुल्ल आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही असं चालतंच. रेंज असली तर फोरजी सिमचा सोलरवाला घ्या, नसली तर सरळ ट्रेल कॅमेरा, म्हणजे जंगलात प्राणी टिपायला झाडाला बांधतात तो, तो मेमरी कार्डावर रेकॉर्ड करतो पण लगेच कळणार नाही, जाऊन कार्ड काढून बघायचं.

रात्रीसाठी आयआर, म्हणजे अंधारात दिसावं म्हणून कॅमेरा सोडतो तो इन्फ्रारेड प्रकाश, कितीचा ते विचारा. ८५० नॅनोमीटरवाला लांबचं दाखवतो पण अंधारात बारीक लाल ठिपका दिसतो, म्हणजे चोराला कळलंच की इथे काहीतरी आहे, ९४०वाला दिसत नाही पण पल्ला कमी. चोरासाठी मी ९४० घेईन, गवे-रानडुकरांसाठी कुठलाही चालेल. नंबरप्लेट वाचायची आशा ठेवू नका हं.

काजूचा सीझन उन्हाळ्यातला म्हणून सोलरला अडचण नाही, पण पॅनल झाडाखाली नको. पावसात मात्र बॅटरी उतरते, तेव्हा काढून घरी आणलेला बरा. आणि लेन्ससमोरची कोळ्याची जाळी पुसत राहा, नायतर रात्रभर पांढरंच दिसतं.