जीपीआर शिकतोयस? आधी एवढं कर

भाऊ, जीपीआर म्हणजे जमिनीखालचं दाखवणारं रडार, पण दरडीखाली गाडलेलं माणूस शोधताना स्क्रीनवर माणूस दिसत नाही, उलट्या वाटीसारखा हायपरबोला दिसतो, अन् दगड, खोड, पाइप यांचाही तसाच येतो, नवीन पोरं प्रत्येक वाटीवर खोदा म्हणतात अन् मोलाचा वेळ जातो.

आपल्या नागपूरच्या काळ्या मातीत एकच पुरलेला पाइप उन्हाळ्यात अन् पावसानंतर स्कॅन करून बघ, ओल्या चिकणमातीत सिग्नल किती लवकर मरतो ते कळेल. दरडीचा ढिगारा बहुतेक ओलाच असतो, २०२४ ला केरळात वायनाडच्या दरडीतही चिखलातच शोधावं लागलं. म्हणून "काही दिसलं नाही" याला "कोणी नाही" कधीच म्हणू नको, ते कोणाच्या तरी घरचं माणूस असते रे.

- आधी गावकऱ्यांना घरं कुठं होती ते विचार, कुत्र्यांनी दाखवलेली जागा घे
- अँटेना जमिनीला टेकलेला, स्कॅनची लाइन सरळ, मग तिला आडवी लाइनही

फिल्टर, थ्रीडी नंतर बघू.