इनडिझाइन (पानं मांडायचं सॉफ्टवेअर): बॉडी स्टाइल, म्हणजे मुख्य मजकुराची स्टाइल, ११ वरून १२ पॉइंट केली, तरी निम्म्या लेखांत फरक पडत नाही. काय करू? (गड्ड्याच्या यात्रेची स्मरणिका, सोलापूर)

त्या लेखांवर ओव्हरराइड बसलंय. स्टाइल लावल्यावर कुणीतरी वरच्या पट्टीतून हाताने साइझ दिलाय, आणि हाताने दिलेलं स्टाइलला जुमानत नाही. परिच्छेदात कर्सर ठेवून पॅराग्राफ स्टाइल्सचं पॅनल उघडा (विंडोजवर एफ ११). स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह (+) असेल तर हेच कारण.

पॅनलच्या तळाशी क्लिअर ओव्हरराइड्सचं बटण आहे, पण लगेच दाबू नका. देणगीदारांची नावं हाताने बोल्ड केली असतील तर तीही साधी होतील. आधी 'ठळक' नावाची कॅरेक्टर स्टाइल (परिच्छेदातल्या निवडक शब्दांना लावायची) करा, तिच्यात फक्त बोल्ड द्या. फॉन्ट, साइझ रिकामं. मग फाइंड-चेंजमध्ये शोधायचा शब्द रिकामा ठेवून फॉरमॅटमध्ये बॉडी स्टाइल अधिक बोल्ड निवडा, बदलाच्या बाजूला 'ठळक'. बॉडी स्टाइल निवडली नाही तर बोल्ड मथळेही सापडतील. चेंज ऑल झालं की सगळा मजकूर निवडून ते बटण दाबा. कॅरेक्टर स्टाइल शाबूत राहते.

जोडाक्षरं फुटत असतील किंवा वेलांटी भलतीकडे जात असेल, तर स्टाइलच्या जस्टिफिकेशन भागात कंपोजर 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ' करा. १२ पॉइंटला लीडिंग (ओळींमधलं अंतर) १७ तरी द्या, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात.

आणि 'बेसिक पॅराग्राफ' या आयत्या मिळणाऱ्या स्टाइलमध्ये काम करू नका. तो मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट केला की तिथलं रूप घेतो.