टायफूननंतर फिलिपाइन्समध्ये लूटमार सुरू असताना बेटावर डायव्हिंगला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: फिलिपाइन्समध्ये नुकताच टायफून येऊन गेला, दुकानं फोडली जात असल्याचे व्हिडिओ फिरतायत, आणि पुढच्या महिन्यात तुमचं मालापास्कुआ बेटावर डायव्हिंगचं बुकिंग आहे. रद्द करावं का, परदेशी माणसाला तिथे धोका आहे का?

आज रद्द करू नका. लगेच निघायची घाईही करू नका. आधी ती दुकानं नेमकी कुठल्या गावात फोडली गेली ते शोधा, ते गाव नकाशावर बघा, आणि मग तुमच्या डाइव्ह सेंटरशी बोला. हाच निर्णय मला 2013 साली घ्यावा लागला होता आणि पहिल्यांदा मी तो चुकवला होता, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

8 नोव्हेंबर 2013 ला हैयान टायफून आला. तिकडे त्याला योलांडा म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या केंद्राने त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी 315 किलोमीटर धरला होता. पहाटे तो सामार बेटावर गीवानला धडकला, मग लेयते बेटावर, आणि सकाळी साडेनऊच्या सुमाराला सेबू बेटाच्या उत्तर टोकाला दानबंतायानवर. मालापास्कुआ याच दानबंतायानमध्ये येतं. सरकारी आकड्याप्रमाणे 6300 माणसं गेली, त्यातली बहुतेक लेयते आणि सामारमधली.

आम्ही सहा जण डिसेंबरअखेर मालापास्कुआला जाणार होतो. सगळे तारकर्लीला डायव्हिंग शिकलेले, आणि थ्रेशर शार्क बघायचं वेड सगळ्यांनाच. टीव्हीवर दिवसरात्र लेयते बेटावरचं टॅक्लोबान शहर दाखवत होते. मॉलची शटरं उचकटलेली, खांद्यावर पोती घेऊन पळणारी माणसं, बंदुका घेतलेले सैनिक. घरून फोनवर फोन येत होते. मी सगळ्यांच्या वतीनं मेल लिहिला: परिस्थिती सुरक्षित नाही, बुकिंग रद्द करा, आगाऊ रक्कम परत पाठवा. वादळाला तेव्हा पाच दिवस झाले होते. नकाशा उघडून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

टॅक्लोबान आणि मालापास्कुआ यांच्यात सरळ रेषेतसुद्धा शंभरेक किलोमीटर आहेत, आणि मधे अख्खं लेयते बेट आणि समुद्र. टॅक्लोबानमध्ये जे झालं ते का झालं हेही समजून घ्यायला हवं. तिथे नुसता वारा नव्हता. समुद्रच पाच-सहा मीटर उंच होऊन शहरात शिरला. ‘स्टॉर्म सर्ज’ असा इशारा दिला होता, पण त्या शब्दांचा अर्थ लोकांना कळला नाही. त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो, असं वाचलेल्या लोकांनी नंतर सांगितलं. विमानतळ उद्ध्वस्त झाला, रस्ते झाडांनी आणि प्रेतांनी अडले. पोलीस स्वतःच वादळग्रस्त. कामावर हजर होऊ शकले ते अगदी मोजके. दोन लाखांवर वस्तीच्या शहरात कित्येक दिवस अन्न नाही, पाणी नाही. मग लोकांनी दुकानं फोडली. आधी तांदूळ, पाणी, औषधं. पुढे काहींनी टीव्ही आणि फ्रीजही नेले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लेयतेतल्याच आलांगालांगला सरकारी तांदळाच्या गोदामावर जमाव गेला आणि भिंत कोसळून आठ माणसं मेली, तेव्हा ती माणसं तांदळाच्या पोत्यांसाठी गेली होती. त्या आठ जणांना बातम्यांमध्ये ‘लुटारू’ म्हटलेलं मला आजही सहन होत नाही. संचारबंदी लागली, सैन्य आलं, मुख्य म्हणजे अन्न पोचायला लागलं, आणि ती लूट ओसरली.

उत्तर सेबूतही उपासमार होतीच. घरांवर छपरं नव्हती, वीज नव्हती, आणि मदतीचा ओघ टॅक्लोबानकडे. तिथल्या लोकांनी काय केलं? बोगो, मेदेयिन, दानबंतायानच्या रस्त्याकडेला पुठ्ठ्याचे फलक घेऊन उभे राहिले. ‘आम्हाला अन्न आणि पाणी हवं आहे.’ हात पुढे करून उभी असलेली लहान मुलं त्या फोटोंमध्ये दिसतात. तीच भूक, तेच वादळ, पण इथे रस्ता चालू होता आणि सेबू शहर काही तासांवर उभं होतं. लूटमार ‘तिकडच्या लोकांच्या स्वभावात’ असते असं तुम्हाला कोणी सांगितलं तर हे दोन जिल्हे शेजारी ठेवून बघा.

माझ्या मेलला नऊ दिवसांनी उत्तर आलं, कारण बेटावर नेटवर्कच नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं: आमचे सगळे कर्मचारी जिवंत आहेत. दोन होड्या गेल्या, एक दुरुस्त होतेय. कॉम्प्रेसर (टाक्यांमध्ये श्वासाची हवा भरायचं यंत्र) उघडून धुतलाय, जनरेटर चालतो. पैसे हवे असतील तर थोडा वेळ द्या, कारण ते पत्र्यांवर खर्च झाले. जमलं तर पैसे परत मागण्याऐवजी तारीख पुढे घ्या. आणि खाली एक ओळ: वादळानंतर आलेला हा आमचा चौदावा रद्द करण्याचा मेल आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही तारीख फेब्रुवारीची घेतली. सहापैकी चौघं गेलो.

उत्तर सेबूतल्या माया बंदरातून बांकानं बेटावर जातात. आपल्या कोकणातल्या उलांडीच्या होडीसारखीच ही होडी, फक्त उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं बाजूचं लाकूड, दोन्ही बाजूंना. होडीवाले साठीचे होते, सगळे त्यांना ‘नोंग’ म्हणत, आपल्याकडे दादा म्हणतात तसं. किनारा जवळ आला तसं आधी दिसले ते नारळ, शेंडे मोडून नुसते खांब राहिलेले. मग ताडपत्र्या, निळ्या आणि पांढऱ्या. आणि आवाज. दिवसभर सगळ्या बेटावर हातोड्यांचा ठकठकाट. मी नोंगना विचारलं, इथे चोऱ्यामाऱ्या झाल्या का. ते म्हणाले, पहिल्या आठवड्यात आम्ही रात्री आळीपाळीनं जागायचो, टॅक्लोबानचं ऐकून आम्हीही घाबरलो होतो. कोणी आलं नाही. मग बराच वेळ थांबून म्हणाले, पाहुणेही आले नाहीत.

बेट जेमतेम अडीच किलोमीटर लांब. मासेमारी आणि डायव्हिंग, यापलीकडे कमाई फारशी नाही. मासेमारांच्या होड्या फुटल्या होत्या, म्हणजे हातात रोख पैसा येणार तो डायव्हरकडूनच. टाक्या उचलणारे, होडीवाले, स्वयंपाक करणाऱ्या बायका, पाण्याचे जार वाहणारी मुलं, सगळ्यांची चूल त्यावर पेटते. कोसळलेलं घर उभं करायला खिळे आणि पत्रे लागतात, आणि ते विकतच आणावे लागतात.

पहाटे पाचला मोनाड शोल या समुद्राखालच्या उंचवट्यावर गेलो. वर ताडपत्र्यांचं गाव आणि खाली ते शार्क, शरीराएवढी लांब शेपटी मागे सोडत, छोट्या माशांकडून अंग स्वच्छ करून घ्यायला शांतपणे वर येणारे. आमच्या तीन डाइव्हपैकी दोनांत दिसले असं म्हणणार होते, पण दुसऱ्या वेळी फक्त शेपटीच दिसली. (आता थ्रेशरसाठी मुख्यतः किमुड शोलला नेतात, तुमच्या सेंटरला विचारा.) उथळ पाण्यातला प्रवाळ मात्र जागोजागी मोडून पडला होता, ते बघवलं नाही.

आता तुमच्या धोक्याच्या प्रश्नाकडे येते. टायफूननंतर डायव्हरला खरा धोका जमावाचा क्वचितच असतो. तो असतो पाण्याचा, हवेचा आणि खिळ्यांचा. पडक्या लाकडांतले गंजके खिळे वाळूत पसरलेले असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा आणि किनाऱ्यावर अनवाणी चालू नका. पिण्याचं पाणी फक्त सीलबंद. साचलेल्या पाण्यानं डेंगी आणि लेप्टो वाढतात. कॉम्प्रेसरमध्ये खारं पाणी शिरलं असेल तर फिल्टर बदलले का, हे स्पष्ट विचारा, आणि टाकीतल्या हवेला तेलकट वास आला तर ती टाकी परत करा, भीड बाळगू नका. होडीवर ऑक्सिजन आहे का, आणि सेबू शहरातलं रीकम्प्रेशन चेंबर (खोल डाइव्हनंतर होणाऱ्या त्रासावर दाबाखाली उपचार करायची खोली) चालू आहे का, तेही विचारा. वीज नसेल तर तेही बंद असू शकतं, आणि मग खोल डाइव्ह करायची नाही. रोख पेसो सेबूतूनच न्या, वीज आणि नेटवर्क नसताना एटीएमवर भरवसा नको. तटरक्षक दलानं होड्या थांबवल्या असतील तर कुणाला जास्त पैसे देऊन समुद्रात जायचं नाही.

पहिले दोन-तीन आठवडे मात्र जाऊ नका. मालापास्कुआवर पिण्याचं पाणी पलीकडून होडीनं येतं. तेव्हा तुम्ही प्यायलेला प्रत्येक जार आणि अडवलेली प्रत्येक होडीतली जागा कुणाच्या तरी वाटची असते. डिसेंबर 2021 च्या ओदेत टायफूननंतर तर सेबू शहरातही पाण्याला आणि पेट्रोलला लांबच लांब रांगा होत्या, आणि तेव्हा कोविडमुळे परदेशी पर्यटकांना प्रवेशच नव्हता, म्हणून बेटांवर पैसा यायला आणखी वेळ लागला.

आज तुमच्या सेंटरला एवढंच लिहा: तुम्ही सगळे बरे आहात का, आम्ही कधी यावं, आणि सेबूतून येताना काय आणू? आम्हाला उत्तर आलं होतं: छताचे खिळे, रबरी वॉशर असलेले. चौघांच्या बॅगांमध्ये मिळून बारा किलो मावले.