ओव्हलसमोरच्या इमारती : पूर्ण घेऊ नकोस

इमारतींचे अमूर्त फोटो, म्हणजे वस्तू न दाखवता नुसते आकार आणि रेषा, काढायचे म्हणून तू पाठवलेले फोटो पाहिले. इमारत ओळखू येते, हीच अडचण आहे. म्हणून आभाळ, जमीन आणि दरवाजा आधी चौकटीबाहेर काढ. त्यांच्यामुळेच बघणाऱ्याला आकाराचा अंदाज येतो.

सरावाला मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची आर्ट डेको (गोल कोपरे आणि आडव्या छज्ज्यांची विसाव्या शतकातली शैली) इमारतींची रांग घे. (२०१८पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण आपल्याला मतलब छज्ज्यांशी.) तोंड पूर्वेला असल्याने अगदी सकाळी ऊन समोरून पडतं आणि भिंत सपाट दिसते. सोनेरी उजेडाच्या मागे लागू नकोस. दहा-साडेदहानंतर ये. सूर्य वर चढला की ऊन भिंतीला घासून उतरतं आणि प्रत्येक छज्ज्याखाली काळा पट्टा लांबत जातो. गोल कोपऱ्यावर तोच पट्टा वळतो, तिथे थांब. फोटोचा विषय तो पट्टा आहे, इमारत नाही.

वाइड लेन्स (जवळून खूप काही चौकटीत घेणारी) घरी ठेव. मैदानातून, लांबून, झूम लेन्सच्या १५०-२०० मिमीवर घे; कॅमेरा कमी उचलावा लागतो, त्यामुळे उभ्या रेषा फारशा झुकत नाहीत. ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) एफ/८ पुरे. भिंत फिकट असेल तर कॅमेरा ती करडी करतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) अर्धा-पाऊण स्टॉप वाढव; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. सावल्या काळ्या राहिल्या तर राहू देत.

एसीचे डबे मध्ये येणारच. एखादाच असेल तर ठेव, लय मोडायला बरा असतो. वाळत घातलेले कपडे मला आवडतात, पण खिडकीत माणूस दिसला तर कॅमेरा खाली. लोकांची घरं आहेत ती.