वाचकांचे प्रश्न : संगणक नेमका अडतो कुठे?

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे: संगणक हळू चालतो, काय बदलू? म्हणून प्रत्येक उत्तरात आधी अडचण कुठे आहे ते कसं ओळखायचं हे सांगितलं आहे. मेनूंची नावं विंडोज १० आणि ११ मधली आहेत.

प्रश्न : लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबी हार्ड डिस्क. सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते. आधी रॅम वाढवू की एसएसडी बसवू?

उत्तर : आधी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. डिस्क १०० टक्के असताना तिथेच शेजारी वाचनाचा वेगही पाहा. बहुधा सेकंदाला एक-दोन एमबीच दिसेल. म्हणजे डिस्क फार माहिती वाचत नाहीये, ती नुसती शोधाशोध करते आहे. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. वाचणारा हेड योग्य ट्रॅकवर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद आणि हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा. या हिशेबानं विखुरलेल्या लहान फायली सेकंदाला साठेकच वाचून होतात आणि विंडोज सुरू होताना अशी हजारो वाचनं मागते. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होतं.

विकत घेण्याआधी जागा तपासा. हार्ड डिस्कच्या जागी २.५ इंची साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) एसएसडी बसते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड असेल आणि नवी ७ ची, तर मधली फट भरायला प्लॅस्टिकची चौकट लावा, नाहीतर ती कनेक्टरवर लोंबकळत राहते. लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट (कार्डासारखी एसएसडी बसवायची खाच) असेल तर तो साटा घेतो की एनव्हीएमई ही वेगवान पद्धत, हे मॅन्युअलमध्ये वाचूनच घ्या. दोन्ही कार्ड दिसायला सारखी असली तरी काही स्लॉट त्यांतला एकच प्रकार ओळखतात.

जुन्या डिस्कवरून क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करणार असाल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्कनं स्वतःच नोंदवलेल्या तब्येतीचे, आकडे बघा. सी५, म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर, शून्य नसेल तर क्लोनिंग थांबवा. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, मग एसएसडीवर विंडोज नव्यानं टाका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तासभर सलग वाचनाचा भार टाकणं फार महागात पडू शकतं. सी७, म्हणजे माहिती पाठवतानाच्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर मात्र डिस्कपेक्षा संशय केबल किंवा कनेक्टरवर घ्या.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना फक्त एसएसडी जोडलेली ठेवा. नंतर ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडून तिथे सॉलिड स्टेट ड्राइव्ह असं लिहिलेलं दिसतंय ना, ते बघा. तसं असेल तर विंडोज डीफ्रॅगऐवजी (विखुरलेल्या फायली एकत्र लावण्याऐवजी) ट्रिम चालवते, म्हणजे पुसलेल्या जागा एसएसडीला कळवते, तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही. आणि रॅम? काहीही उघडलेलं नसताना मेमरी ८० टक्क्यांच्या वर असेल तर ४ वरून ८ जीबी करणंही गरजेचंच आहे. फक्त क्रम दुसरा.

प्रश्न : रजिस्ट्री क्लीनर आणि रॅम बूस्टर यांनी खरंच फरक पडतो का?

उत्तर : नाही, आणि दोन्ही काढून टाका. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, लाखो नोंदी असतात, त्यातल्या पाचशे निरुपयोगी नोंदी उडवल्यानं शोधण्याचा वेळ बदलत नाही. चुकून एक कामाची नोंद गेली तर मात्र एखादा प्रोग्राम उघडणंच बंद होतं. रॅम बूस्टर प्रोग्रामांची मेमरी जबरदस्तीनं डिस्ककडे ढकलतो. आकडा क्षणभर छान दिसतो, पण पुढच्या क्लिकला तेच सगळं डिस्कवरून परत आणावं लागतं. विंडोज रिकामी रॅम कॅशसाठी वापरते आणि गरज लागली की लगेच सोडते, त्यामुळे रॅम भरलेली दिसणं हा बिघाड नाही. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा आकडा.

प्रश्न : ३२०० ची डीडीआर४ रॅम घेतली, ८ जीबीच्या दोन स्टिक. टास्क मॅनेजर २१३३ दाखवतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी चालू केलं तर स्क्रीन काळीच राहिली, म्हणून घाबरून बंद केलं. रॅम खोटी आहे का?

उत्तर : रॅम खोटी असण्याची शक्यता कमी आहे. स्टिकवर छापलेला ३२०० हा एक्सएमपी प्रोफाइलचा, म्हणजे उत्पादकानं स्टिकमध्येच भरून ठेवलेल्या जादा वेगाच्या सेटिंगचा, वेग असतो. ते प्रोफाइल आपण निवडेपर्यंत मदरबोर्ड २१३३, २४०० किंवा २६६६ अशा सुरक्षित, ठरीव वेगानंच रॅम चालवतो. (सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये १०६६ दिसलं तरी दचकू नका. तिथे घड्याळाचा आकडा असतो, आणि डीडीआर एका ठोक्याला दोनदा माहिती पाठवते.) एएमडीच्या काही डीडीआर४ बोर्डांवर याच सेटिंगला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात, डीडीआर५ वर एक्स्पो.

काळी स्क्रीन बहुतेकदा मेमरी ट्रेनिंगची असते. नवा वेग दिला की बोर्ड सिग्नलच्या वेळा स्वतः जुळवून पाहतो. या काळात संगणक दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊ शकतो. डीडीआर५ वर पहिल्या खेपेला काही मिनिटंही लागतात. पाच मिनिटं हात लावू नका. जमलं नाही तर बरेच बोर्ड आपणहून जुन्या सेटिंगवर येतात.

बोर्ड तसा आलाच नाही, तर सीमॉस, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज जपणारी मेमरी, पुसायचं. वीजपुरवठा बंद करून प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्या, मग बोर्डवरच्या सीएलआर सीमॉस लिहिलेल्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं दहा सेकंद जोडून धरा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ हा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा. तारीख, वेळ आणि बूटचा क्रम पुन्हा भरावा लागेल. एक गोष्ट कळकळीनं सांगतो: बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का पाहा आणि चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकते. ती नसेल तर डिस्कवरची माहिती कायमची बंद होते, कोणताही दुरुस्तीवाला ती उघडू शकत नाही.

आता ३२०० का जमलं नसेल? पहिली शंका स्लॉटची. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ आणि बी२ मध्ये, हव्यात. दुसरी, जुनी स्टिक सोबत ठेवली आहे का? वेगवेगळ्या खेपांच्या स्टिक मिसळल्या की एक्सएमपीची हमी राहत नाही, आकडे सारखे छापलेले असले तरी. तिसरी, बोर्डाची मर्यादा. इंटेलचे एच३१० आणि बी३६० हे चिपसेट डीडीआर४ ला २६६६ च्या पुढे जाऊ देत नाहीत. हे सगळं ठीक असूनही जमत नसेल तर बायोस अपडेट करा. तेही करून झालं असेल तर एक्सएमपी निवडून फक्त वेग ३००० किंवा २९३३ करा, व्होल्टेज स्टिकवर छापलेलंच (बहुधा १.३५ व्होल्ट) राहू द्या.

विंडोज सुरू झाली म्हणजे काम झालं असं धरू नका. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन चारही पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या, रात्रभर लागले तरी चालेल. एक चूक दिसली तरी तो वेग नापास. रॅमची चूक नेहमी निळ्या स्क्रीननं ओरडून सांगत नाही. ती फायलीत चुकीचा बाइट लिहून गप्प बसते, आणि बॅकअपमध्येही तोच बिघडलेला बाइट जातो.

मिळतं किती? २१३३ वर दोन चॅनेल (रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटा) मिळून सेकंदाला ३४ जीबी, ३२०० वर ५१. एकच स्टिक ३२०० वर २५.६ जीबीच देते, म्हणजे दोन हळू स्टिक एका वेगवान स्टिकपेक्षा पुढे. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरत असाल तर फरक ठळक दिसेल, कारण ते हीच रॅम वापरतं. टायपिंग आणि ब्राउझिंगसाठी मात्र ही सगळी खटपट करण्याची गरज नाही.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण जुन्यासारखाच वाटतो.

उत्तर : तो ६० वरच चालत असणार. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे १४४ निवडा. यादीत १४४ नसेल तर डिस्प्लेपोर्टची केबल वापरा, कारण जुना एचडीएमआय १.४ पोर्ट फुल एचडीला सहसा १२० पर्यंतच पोचतो. शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डातच लागली आहे ना ते बघा. घाईत ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये जाते आणि महागडं कार्ड बाजूलाच राहतं.

प्रश्न : व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की लॅपटॉप आधी छान चालतो, मग अचानक मंदावतो. थर्मल पेस्ट बदलू का?

उत्तर : आधी एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम ‘सेन्सर्स ओन्ली’मध्ये चालू ठेवून तेच काम करा आणि वेग पडतो त्या क्षणी तापमान वाचा. ९५ ते १०० अंश असेल तर कारण उष्णता. पण तापमान ७५ च्या आसपास असूनही अर्ध्या-एक मिनिटात वेग उतरत असेल तर ती वीजमर्यादा आहे. प्रोसेसरला थोडा वेळ जास्त वॉट घेण्याची मुभा असते, ती संपली की तो नेहमीच्या मर्यादेवर येतो. तिथे पेस्ट बदलून काही होत नाही. लॅपटॉपसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘परफॉर्मन्स’ मोड निवडा आणि चार्जर मूळ वॉटचाच आहे ना ते बघा. ९० वॉटच्या लॅपटॉपला ६५ वॉटचा चार्जर लावला तरी तो बऱ्याचदा मुकाट्यानं वेग कमी करून चालतो.

उष्णताच असेल तर पहिला संशय धुळीवर. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, मागचं झाकण काढून सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बाहेरच्या जाळीतून पाहिलं तर आतलं सगळं स्वच्छ वाटतं. पंखा उचलला की तो आणि तांब्याच्या बारीक पात्या यांच्या मधोमध गोधडीच्या तुकड्यासारखा घट्ट थर निघतो. तो चिमट्यानं अखंड ओढून काढा. नुसती हवा मारली तर तोच थर पात्यांत आणखी रुततो. हवा मारताना पंख्याची पाती काडीनं अडवून धरा, भन्नाट फिरू दिली तर बेअरिंग बिघडतं.

इतक्यानं तापमान उतरलं तर पेस्टला हात लावायची गरज नाही. नाहीच उतरलं तर हीटसिंकवर स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, उलट्या क्रमानं प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा सैल करत जा. जुनी पेस्ट किमान ९० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. लॅपटॉपची चिप उघडी असते, म्हणून तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घेऊन तिच्या पूर्ण पृष्ठभागावर पातळ पसरवा. कोपरा कोरडा राहिला तर तिथला कोअर एकटाच तापतो. आजूबाजूच्या रबरासारख्या थर्मल पॅडच्या जागी पेस्ट लावू नका, फाटला तर त्याच जाडीचा नवा पॅड आणा. लिक्विड मेटल घरी अजिबात नको. त्यातून वीज वाहते आणि ते ॲल्युमिनियम खाऊन टाकतं.

लॅपटॉप उघडायचा नसेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करा. बहुतेक प्रोसेसरांत यानं टर्बो, म्हणजे तात्पुरता वाढीव वेग, बंद होतो, वेग थोडा कमी पण स्थिर राहतो. लांब रेंडरसाठी तोच बरा. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो.

प्रश्न : १६ जीबी रॅम आहे म्हणून पेज फाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) बंद केली. आता ४ जीबी मोकळी दिसत असतानाही मेमरी संपली म्हणून गेम बंद पडतो. असं कसं?

उत्तर : टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘कमिटेड’ पाहा, १५.६/१५.९ असं काहीतरी असेल. प्रोग्राम लागेल त्याहून जास्त मेमरी आधीच राखून ठेवतात. विंडोज तितक्या मेमरीचं वचन देते, आणि वचनांची एकूण मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल. पेज फाइल गेली की न वापरलेल्या राखीव मेमरीचा भारही रॅमच्या हिशेबात पडतो. रनमध्ये सिसडीएम.सीपीएल (sysdm.cpl) उघडून ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्स, पुन्हा ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी असं जा आणि ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’वर टिक लावून रीस्टार्ट करा. एसएसडी झिजेल या भीतीनं पेज फाइल बंद ठेवणं मला पटत नाही. रॅम पुरेशी असेल तर तिथे लिहिलं जातं थोडंच.

प्रश्न : रोज रात्री शट डाउन करतो, तरी टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’ (संगणक किती वेळ सलग चालू आहे) १९ दिवस दिसतो.

उत्तर : फास्ट स्टार्टअप चालू आहे. त्यात शट डाउन करताना विंडोजचा गाभा बंद न होता डिस्कवर झोपवला जातो आणि सकाळी तोच, एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर त्याच्यासकट, उठवला जातो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं नव्यानं सुरू करतो, म्हणून ड्रायव्हर टाकल्यावर किंवा काही विचित्र वागू लागल्यावर रीस्टार्टच करा. कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू’, आणि तिथली फास्ट स्टार्टअपची टिक काढा. टिक राखाडी दिसत असेल तर आधी वरच्या ‘चेंज सेटिंग्ज’च्या ओळीवर क्लिक करावं लागतं. एसएसडी असेल तर सुरू व्हायला फार तर काही सेकंद जास्त लागतील. त्याच संगणकावर लिनक्सही असेल तर ही टिक काढाच, नाहीतर अर्धवट झोपलेल्या विंडोज पार्टिशनवर लिनक्समधून लिहिताना फायली खराब होण्याचा धोका राहतो.